बिरोबाच्या आढ्यावरची शिंगं

चकलांब्याहून माळाकडे जाणारा कच्चा रस्ता जिथं संपतो, तिथं धनगरांची अठरा घरं आहेत. त्यातलं शेवटचं सटवा सोन्नरचं. त्याचं वय बासष्ट असावं. आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी आहे, पण ती वस्तीवरच्या निम्म्या माणसांची आहे. शाळा चौथीपर्यंत. काम मेंढरं राखणं. एवढ्यात माणूस सांगून संपायला हवा होता. पण त्याला मोजायची खोड होती.

खोड लहानपणापासूनची. काळ्या रानातले नाकतोडे काळसर असतात आणि मुरमाड माळावरचे तांबूस, हे वस्तीवरच्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. सटवानं एक दिवस काळ्या रानातले पंधरा नाकतोडे फडक्यात बांधून माळावर नेऊन सोडले आणि शेजारी बसून राहिला. उन्हं चढेपर्यंत कोतवाल पक्ष्यांनी त्यातले तेरा टिपले. माळावरचे तांबूस नाकतोडे तिथंच बसलेले होते, त्यांतला एकच गेला. घरी येऊन तो बापाला म्हणाला, "नाकतोड्याचा रंग कोतवाल ठरवतो." बाप म्हणाला, "दोन मेंढ्या कमी हायत," आणि त्यानं सटवाला बडवलं. दोघांचंही खरं होतं.

पुढं लग्न झालं, ताराबाई घरी आली. लोकर कातताना धाग्याचं एक टोक तिच्या हाती देऊन तो कशाकशाची लांबी घेई. कोकराच्या कानाची, घोरपडीच्या शेपटीची, बाभळीच्या काट्याची. आकडे लिहिण्यापेक्षा त्याला धागा बरा वाटे. धाग्याला हातचा लागत नाही. वस्ती त्याला मोजणीदार म्हणू लागली. नाव चेष्टेतलं होतं, पण कुणाच्या बांधाचं भांडण निघालं की लोक त्यालाच बोलवायचे.

माळावर बिरोबाचं ठाण आहे. चार दगडी खांब, वर पत्रे, मधे देव. वस्तीचा रिवाज असा की दसऱ्याला जाणती माणसं सगळ्या कळपांतून फिरतात. त्या सालच्या एडक्यांत, म्हणजे मेंढ्यांतल्या नरांत, ज्याची शिंगं सगळ्यांत लांब, तो देवाचा ठरतो. तो कोरा लागतो, मेंढीवर न गेलेला. मालकानं भंडारा उचलून शपथ घ्यायची की जत्रेपर्यंत कोराच ठेवीन, आणि त्याला कळपापासून वेगळा बांधायचा. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी त्याला देवापुढं उभा करून पाठीवर गार पाण्याचा तांब्या ओततात. त्यानं अंग झाडलं की देवानं घेतला. तीन तांब्यांत झाडलं नाही, तर देवाला नको, आणि मालकानं आपल्याच मेंढवाड्यातला दुसरा आणायचा. तीन तांबे कधी लागले नव्हते. थंडीच्या दिवसांत सकाळी सातला अंगावर गार पाणी पडल्यावर कोण झाडणार नाही? मग वस्तीचं जेवण होई, आणि शिंगांची जोडी देवळाच्या आढ्याला खिळ्यानं ठोकली जाई. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या पहिल्या जत्रेपासून हे चालू होतं.

सात-आठ वर्षांपूर्वी वैशाखात वावटळ आली आणि देवळाचे पत्रे तेलगावच्या दिशेनं गेले. ते परत आले नाहीत. नवे टाकायचे म्हणून आढं उतरवलं. शिंगं काढून, धुऊन, पुन्हा त्याच क्रमानं ठोकायची होती. बजरंगनं हे काम सटवाला दिलं. बजरंग त्याचा चुलतभाऊ, पाच वर्षांनी मोठा आणि बिरोबाचा भगत. सालातून एकदा त्याच्या अंगात येई. बाकीच्या दिवशी तो तंबाखू खाई.

सटवानं शिंगं धुतली आणि खडकावर ओळीनं वाळत घातली. बजरंग बघायला आला.

"लहान-मोठी कावून लावली बे? सालवार लाव म्हन्लं तं."

"सालवारच हायत, दादा."

"मंग ही उतरती कावून दिसतेत?"

"मी न्हाई उतरती लावली," सटवा म्हणाला. "तीच उतरत गेलीत."

बजरंगनं ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिलं. पहिलं शिंग माणसाच्या हाताएवढं होतं, कोपरापासून बोटांपर्यंत, आणि त्याला दीड वेटोळं होतं. शेवटचं केळ्याएवढं.

"दुष्काळ," बजरंग म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

त्या आठवड्यात वस्तीनं बाकीची कारणं काढली. युरियाचं गवत. मोबाईलचा टॉवर. पूर्वीचं पाणी राहिलं नाही. माणसंच कुठं पूर्वीसारखी राहिलीत, तर शिंगं राहतील. सटवानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग प्रत्येक जोडीतल्या एका शिंगाच्या वळणावरून लोकरीचा धागा फिरवून तेवढाच तोडला आणि चव्वेचाळीस धागे एका काठीला ओळीनं बांधून दाराशी टांगले. वरची टोकं सरळ रेषेत होती. खालची टोकं पायऱ्या चढाव्यात तशी वर जात होती.

"आवं, तोरण कशाचं बांधलंय?" ताराबाई म्हणाली. "घरात लगीन न्हाई का काई न्हाई."

"तोरण न्हाई ते."

"मंग काय हाय?"

"ते कळलं आस्तं तं टांगलं आस्तं का?"

पावसाळा गेला. मेंढरांच्या मागं चालताना विचार करायला वेळ भरपूर मिळतो; विचार मात्र मिळत नाही. दुष्काळ म्हणावा तर सुकाळाच्या सालीही धागा वरच गेलेला. टॉवर म्हणावा तर तो सहा सालांपूर्वीचा, आणि शिंगं त्याच्या आधीच अडतीस साल उतरत होती. त्याच माळावर ससे होते तेवढेच होते, घोरपडीची शेपूट होती तेवढीच होती. फक्त एडक्यांचं शिंग कमी झालं होतं.

शाळू निघाला तेव्हा ताराबाई अंगणात कणसं निवडत बसली होती. टपोरी, घट्ट भरलेली कणसं ती बाजूला काढी आणि आढ्याला टांगी. उरलेली मळायला.

"चांगली-चांगली कावून टांगतीस?" सटवानं विचारलं. त्याला माहीत होतं. तरी विचारलं.

"बियाला."

"अन् बारकी?"

"खायाला. चांगलं खाऊन बारकं पेरायला मी काय येडी हाय?"

सटवा तिच्यापुढं बसला. तिला वाटलं निवडायला मदत करणार. त्यानं एक टपोरं कणीस उचलून हातात फिरवलं. शेवटी उठला आणि म्हणाला, "आपन बियाचंच देवाला खाऊ घालतो."

"काय?"

"काई न्हाई."

पण एवढ्यानं त्याचं समाधान होईना. एका कणसावरून एवढी मोठी गोष्ट म्हणायची, तर ती ताडून पाहायला हवी. त्याला सिरसाळा आठवलं. त्याची धाकटी बहीण मंगल तिकडं दिलेली. लग्नात बापानं तिला आंदण म्हणून आपल्याच कळपातल्या बारा मेंढ्या आणि एक एडका दिला होता, चौतीस वर्षांपूर्वी. तो कळप तिकडंच वाढला. रक्त तेच, ऊनपाऊस साधारण तोच. फरक देवात होता. मंगलच्या सासरचा देव फक्त नारळ घेई.

सटवा एसटीनं सिरसाळ्याला गेला. पिशवीत घोंगडी, भाकरी आणि लोकरीचा गुंडा, हातात धाग्यांची काठी. मंगलचा नवरा आसाराम वाड्याच्या दाराशीच भेटला.

"पाव्हणं, आज वाट चुकलाव काय? कुनाचं बरंवाईट तं न्हाई?"

"न्हाई. दाजी, एडक्यांची शिंगं मोजायची हुती."

आसारामनं बायकोकडं पाहिलं. मंगल म्हणाली, "दादाचं तसंच हाय. माझ्या लग्नात नवरदेव बघायच्या आधी यानं तुमच्या घोड्याचे कान मोजलते."

"मंग मोजा," आसाराम म्हणाला. "माझी बी मोजा म्हन्लं तरी चालंल, हिनं काई ठेवली न्हाईत."

सटवानं अकरा एडके मोजले. सगळ्यांत लहान शिंगसुद्धा चकलांब्याच्या देवाच्या मागच्या दहा सालांतल्या कुठल्याही शिंगाहून मोठं भरलं. मोठं होतं ते दुष्काळानंतरच्या पहिल्या जत्रेच्या धाग्याला टेकलं. त्यानं धागा दोनदा लावून पाहिला. मग कोपऱ्यात जाऊन घोंगडीवर बसला आणि मंगलनं चहा आणला तरी त्याचं लक्ष नव्हतं. चौतीस साल लोकांना जे करून बघायचं सुचलं नसतं, ते त्याच्या बापानं आंदणात करून ठेवलं होतं.

"झालं का मोजून?" आसाराम म्हणाला. "मंग एक कोकरू घेऊन जा. पोरांच्या मामाला रिकामं लावलं तं ही मला जेवू घालनार न्हाई."

सटवानं तीन महिन्यांचा एक नर निवडला. शिंगं अजून बोराएवढी होती, पण बाप धाग्याला टेकणारा होता. एसटीत कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट काढलं.

चकलांब्याला जनावरांच्या दवाखान्यात तेजश्री नावाची नवी डॉक्टरीण आली होती. कोकराला लस टोचायला नेलं तेव्हा सटवानं तिला काठी दाखवली. धागे, शाळू, सिरसाळा, नारळ, सगळं सांगितलं. डॉक्टरणीनं सुई बाजूला ठेवली.

"काका, हे इंग्लंडमध्ये एका माणसानं मांडलं होतं. दीडशे वर्षांपूर्वी. त्यानं त्यासाठी कबुतरं पाळली होती."

"त्याला मेंढरं मिळाली न्हाईत का?"

"मिळाली असतील. त्याला ते त्याच्याही वीस वर्षं आधी कळलं होतं, पण लोकांना सांगायला त्यानं तेवढी वर्षं लावली."

"कावून?"

"लोक काय म्हणतील म्हणून. बायको देवाधर्माची होती, तिला वाईट वाटेल, असंही म्हणतात."

सटवानं बाहेर पाहिलं. ताराबाई पिंपळाखाली कोकराची दोरी धरून उभी होती आणि पारावरच्या शेंदरी दगडाला हात जोडत होती.

"वीस साल मला न्हाईत," तो म्हणाला.

कोकराचं नाव सिरसाळ्या पडलं. पावसाळ्यात ते वाढलं आणि त्याच्याहून जोरात त्याची शिंगं वाढली. सटवाचा हिशेब साधा होता: पुढच्या मोसमात हा मेंढ्यांत सोडायचा, दोन-तीन पिढ्यांत कळप पूर्वपदावर. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. चव्वेचाळीस धागे मोजणाऱ्या माणसाला ती दिसायला हवी होती. दसरा आला. जाणती माणसं कळपांतून फिरली. आणि त्या साली अठरा घरांत सगळ्यांत लांब शिंगं ज्याची होती, त्याच्या कपाळाला बजरंगनं भंडारा लावला.

"दादा, हा पाव्हणा हाय," सटवा म्हणाला. "सिरसाळ्याचा."

"सहा महिने आपलं पानी प्याला. आता कशाचा पाव्हणा?"

मग सटवानं वस्तीसमोर सगळं मांडलं. काठी आणली. आपण दर साली सगळ्यांत चांगला देतो, मेंढ्या उरलेल्या बारक्यांवर जातात, म्हणून बारकं होत चाललंय. टॉवरचा काही संबंध नाही. लोकांनी ऐकलं. शाळूचं उदाहरण बायकांना लगेच पटलं. बजरंगनंही मान डोलावली.

"बरूबर हाय तुझं," तो म्हणाला. "मंग देवाला बारका द्यायचा का?"

  सटवा मोजणीदार असला तरी देव त्याचाही होता. लहानपणी तापात त्याला याच ठाणाजवळ तीन दिवस ठेवलं होतं आणि तो उठला होता.

"एक साल थांबू. पुढल्या साली हाच देऊ."

"तवर कोरा कसा ऱ्हाईल?"

"न्हाई ऱ्हानार."

"मंग?" बजरंगनं भंडाऱ्याचं ताट पुढं केलं. सटवानं भंडारा उचलला. एडका कोरा ठेवीन.

घरी आल्यावर ताराबाई म्हणाली, "आता?"

"आता काय. शब्द दिलाय."

शब्द तो मोडणार नव्हता. सिरसाळ्या मेंढीवर जाणार नव्हता. पण सकाळी हौदावर तोंड धुताना ओल्या हाताचं पाणी त्यानं झटकलं आणि ते शेजारी बांधलेल्या सिरसाळ्याच्या पाठीवर पडलं. सिरसाळ्यानं अंग झाडलं. सटवानं तांब्या पुन्हा भरला. पाण्याबद्दल भंडारा उचलायचा रिवाज नव्हता.

त्या दिवसापासून जत्रेपर्यंत रोज सकाळी त्यानं सिरसाळ्याच्या पाठीवर गार पाण्याचा तांब्या ओतला. आणि मोजणीदारच तो, एकावर ओतून कळणार काय, म्हणून वाड्यातला बुटक्या नावाचा दुसरा एक कोरा एडकाही शेजारी बांधला आणि त्याच्यावरही ओतला. तेच पाणी, तोच तांब्या, तीच वेळ. बुटक्या नावासारखाच होता, शिंगं अंगठ्याएवढी, स्वभावानं लोचट. पाणी ओतून झालं की सटवाचा हात चाटायचा.

ताराबाई भाकरी थापता थापता बघायची. आठव्या दिवशी म्हणाली, "देवाला फसवताव व्हय?"

"मी पानी घालतोय."

"बिरोबाला डोळे हायत."

"मंग त्यो बघंल. त्याला न्हाई पटलं तं त्यो झाडायला लावंल. त्याच्या हातात न्हाई का?"

ताराबाईला हे पटलं नाही, पण खोडताही आलं नाही. त्या दिवशी तिनं देवाला जास्तीचा नैवेद्य नेऊन ठेवला. कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही.

सिरसाळ्यानं पाच दिवस अंग झाडलं. सहाव्या दिवशी नुसती कातडी थरथरली. दहाव्या दिवसापासून तो पाण्याखाली रवंथ करू लागला. बुटक्यानं पहिल्या दिवशी झाडलं होतं, तसाच तो साठाव्या दिवशी झाडत होता.

जत्रेच्या सकाळी माळावर धुकं होतं. ढोल वाजला. बजरंगनं सिरसाळ्याला देवापुढं उभा करून पहिला तांब्या ओतला. सिरसाळ्यानं समोरच्या भंडाऱ्याच्या ढिगाचा वास घेतला. दुसरा ओतला. पाणी पोटाखालून निथळत राहिलं. ढोलवाल्याचा हात थांबला. बायकांच्या घोळक्यात ताराबाईनं पदर तोंडाशी धरला होता. सटवा खांबाला टेकून उभा होता आणि त्याला आपल्याच काळजाचे ठोके मोजावेसे वाटत होते. बजरंगनं तिसरा तांब्या हौदाच्या तळाचा, गारठलेला, मुद्दाम भरून आणला आणि मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश ओतला.

सिरसाळ्यानं जांभई दिली.

"न्हाई घेतला," बजरंग म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. आजवर असं झालं नव्हतं. मग रिवाज आठवला. "सटवा, तुझ्या वाड्यातला दुसरा आन."

सटवाच्या वाड्यात दुसरा कोरा एडका एकच होता.

त्यानं बुटक्याला आणला. साठ दिवस शिकवलेलं आज तरी उपयोगी पडेल असं त्याला क्षणभर वाटलं, आणि पडू नये असंही वाटलं, कारण बुटक्याही उभा राहिला तर लोक काय ते ओळखणार होते. यातलं नेमकं काय हवंय हे त्याला ठरवता आलं नाही. बजरंगनं तांब्या उचलला. तो अजून कलताही झाला नव्हता. नुसता तांब्या दिसताच बुटक्यानं सगळं अंग गदगदा झाडलं.

लोकांनी देवाच्या नावानं चांगभलं केलं. ढोल पुन्हा सुरू झाला. बुटक्या शिकला नव्हता असं नाही. तो वेगळंच शिकला होता. जेवणाला सटवा बसला, पण वाढलेलं ताट त्यानं शेजाऱ्याकडं सरकवलं. दात दुखतोय म्हणाला.

देवानं नाकारलेला एडका म्हणून पहिल्या साली सिरसाळ्याकडं कुणी मेंढी आणली नाही. सटवाच्याच मेंढ्यांना कोकरं झाली. दुसऱ्या साली त्या कोकरांची शिंगं दिसायला लागली आणि बजरंगच्या सहा मेंढ्या चुकून सटवाच्या कळपात शिरल्या. पंधरा दिवस त्या चुकलेल्याच राहिल्या. मग सगळ्यांच्याच चुकू लागल्या. सटवानं नवी काठी केली, यावेळी जिवंत शिंगांची. धागे खाली उतरू लागले.

आढ्यावर मात्र उलटं चाललं होतं. तिसऱ्या साली सिरसाळ्याचा मुलगा देवाचा ठरला. मालक दुसरा होता, घर वस्तीच्या त्या टोकाचं. त्याला कुणी पाण्याखाली धरलं नव्हतं. तो तीन तांब्यांत हलला नाही. त्याच्या बदली आणलेल्या आखूड शिंगाच्या एडक्यानं लगेच झाडलं. पाचव्या साली नातू ठरला. तोही दगडासारखा उभा. लोकांत कुजबुज सुरू झाली. वर आढ्याला आखूड शिंगं, खाली वाड्यात लांब. डॉक्टरीण तेजश्री म्हणाली, "काका, आता आढ्यावरून कळपाचं काहीच कळणार नाही." सटवा म्हणाला, "मीच बिघडवलं ते."

त्याला झोंबत होतं ते वेगळं. पहिल्याला त्यानं शिकवलं, हे कबूल. पण मुलाला कुणी शिकवलं? बापाला घातलेलं पाणी पोराच्या अंगात उतरत नाही. तसं असतं तर बुटक्याच्या आज्यापासून सगळ्यांनी पावसात भिजून भिजून झाडणं सोडलं असतं. मग त्याला साठ सकाळी पुन्हा आठवल्या. पाणी दोघांना सारखं मिळालं, शांत एकच झाला. म्हणजे पाण्यानं काही घडवलं नाही, पाण्यानं नुसतं दाखवून दिलं. शांतपणा सिरसाळ्याच्या रक्तातच होता; पहिले पाच दिवस त्यानं झाडलं, ते कळपातून नुकतं तोडून बांधल्याच्या बुजरेपणानं असावं. सटवानं साठ दिवस देवाला फसवायची मेहनत केली होती, आणि ती बहुधा फुकट होती. पण बहुधाच. फसवायला तो गेला होता, यात बहुधा नव्हतं.

पाचव्या सालच्या जत्रेत नातू परत गेल्यावर जाणत्यांनी तिथंच बैठक घेतली आणि ठरवलं की पुढल्या सालापासून तीनाऐवजी पाच तांबे. जेवणं झाली, माणसं पांगली. बजरंग हौदाशी तांबे घासत बसला होता. तो आता नीट वाकू शकत नव्हता. सटवा शेजारी जाऊन बसला.

"सटवा," बजरंग म्हणाला, "देव आपल्यावर रुसलाय का बे? चांगलं दिलं तं घेत न्हाई. चाळीस-पन्नास साल मी त्याची सेवा केली. माझं काई चुकलं का?"

भगताचे डोळे ओले होते. सटवानं काठ्या, धागे, शाळू यातलं काही काढलं नाही.

"तुझं न्हाई चुकलं. माझं चुकलं, दादा. पहिल्या बारीला सिरसाळ्याला मी रोज पानी घालून सवय लावलती. साठ दिस."

बजरंगचा घासता हात थांबला.

"अन् ह्यान्ला?"

"ह्यान्ला न्हाई. भंडारा दे, उचलतो. हे जन्मताच तसे हायत. जो अंग झाडतो त्यो देवाकडं जातो. जो झाडत न्हाई त्यो घरी येतो अन् त्याला पोरं व्हत्यात. मंग पोरं बी तसलीच."

 बजरंग हळू विचार करायचा, पण मधे सोडायचा नाही.

"पाच तांबे केले तं?"

"पाच सोसनारे ऱ्हातील."

"धा केले तं?"

"धा सोसनारे."

"म्हंजे आधी देवाकडं शिंगवाले चालले, आता थंडी वाजनारे चालले."

"व्हय."

"अन् दोन्ही बारीला निवडलं आपन."

"व्हय."

बजरंगनं मान हलवली. हे त्याला सटवापेक्षा लवकर कळलं असावं. तो नुसता कुणीतरी म्हणायची वाट बघत होता. मग म्हणाला, "पन तू फसवायला गेल्तास."

"गेल्तो."

"देवाला सांगितलंस?"

"न्हाई. कसं सांगायचं?"

"मी हाय ना."

बजरंगनं एक तांब्या हौदात बुडवला, तळापर्यंत. गुडघ्यावर हात देऊन उठला. सटवाला वाटलं, हा आता देवळाकडं जाणार. सटवा खाली बसलेला होता तसाच, पाठ त्याच्याकडं, सदऱ्याची कॉलर मागं ओढलेली. बजरंगनं तांब्या त्याच्या मानेवर उपडा केला.

मार्गशीर्षाचं पाणी होतं. सटवानं डोक्यापासून पायापर्यंत अंग झाडलं. टोपी हौदात पडली.

बजरंगनं वाकून त्याचं तोंड पाहिलं, भगतानं पाहायचं तसं, बारकाईनं.

"पहिल्याच तांब्याला," तो म्हणाला. "घेतला तुला." मग त्यानं खांद्यावरची घोंगडी काढून सटवाच्या अंगावर टाकली आणि उरलेले दोन तांबे घासायला खाली बसला.